घोड्याचे मागचे पाय

माझ्या नाकावर राग असतो, असं घरचे म्हणतात. साफ खोटं आहे. नाकावर माझा चष्मा असतो. तो घसरला की मी लोकांकडे काचांच्या वरून बघते, आणि त्यांचा गैरसमज होतो. राग वेगळा, तो योग्य वेळी येतो, आणि घरात योग्य वेळ फार वेळा येते त्याला मी काय करू?

माझं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. दिवसभर उलटी अक्षरं वाचायची, त्यामुळे सरळ लिहिलेला मजकूर मला हल्ली जरा संशयास्पदच वाटतो. पंधरा वर्षांत या धंद्याने मला एक गोष्ट शिकवली. माणसाचा शब्दावर विश्वास नसतो, शिक्क्यावर असतो. एखाद्याला हाताने ‘मिळाले’ असं लिहून द्या, तो कागद उजेडात धरून बघेल. त्यावरच गोल शिक्का हाणून द्या, मुकाट्याने घडी घालून खिशात ठेवेल. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जी माती खाल्ली ती याच शहाणपणापायी.

आमची मुलगी नऊ वर्षांची. शाळेत तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण रांगायला लागल्यापासून ती एका जागी कधी सापडली नाही, म्हणून घरात ती भिंगरी. तर ही भिंगरी गेल्या वर्षापासून बाथरूमच्या नळापुढे थांबायला लागली. नळ बंद करायची, पिळायची, खाली तळहात धरून थेंब येतो का बघायची, दोन पावलं बाहेर यायची, परत आत जायची. मग मला विचारायची, “आई, नळ बंद आहे ना? नक्की?”

“नक्की.”

“नक्की नक्की?”

सुरुवातीला दोनदा. मग सहादा. मग मी मोजणं सोडून दिलं, कारण मोजायला लागले की चष्मा घसरायचा.

भीती अशी होती, की नळ उघडा राहिला तर पाणी साचेल, दाराखालून घरभर होईल, फरशीतून झिरपून खालच्या मजल्यावर जाईल आणि खालचे काका झोपेत बुडून मरतील. आणि ते तिच्यामुळे मरतील. खालचे काका पोहण्याचे शिक्षक आहेत. आमच्या सबंध इमारतीत बुडून मरण्याची शक्यता सगळ्यात कमी कुणाची असेल तर या माणसाची.

“अगं, ते पोहतात!” मी म्हटलं.

“झोपेत?” ती म्हणाली.

मी नवऱ्याला पुढे केलं. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला यंत्राचं उत्तर असतं अशी त्याची श्रद्धा आहे. त्याने नळाचे वायसर बदलले. मग बाथरूमच्या जाळीत बादलीभर पाणी ओतून दाखवलं. “बघ, गेलं की नाही सगळं?”

भिंगरीने नीट विचार केला. “आणि जाळीवर टॉवेल पडला तर?”

त्या दिवसापासून नळाबरोबर टॉवेलही तपासायचा झाला. शहाण्याने तिला काही समजावून सांगू नये, एवढंच आम्हाला त्यातून समजलं.

बरं, पोरगी खुळी नाही. एकदा दात घासता घासता तीच म्हणाली, “मला माहितीये आई, हे वेडगळ आहे. पण डोक्याला कळतं, पोटाला कळत नाही.” इतकं वाईट मला आजवर कशाचंच वाटलं नव्हतं.

आणि नेमका त्याच वेळी घोडा आला.

शाळेत नाटक बसत होतं. एक आळशी राजा आणि त्याचा घोडा. घोड्यात दोन मुली. पुढचे पाय म्हणजे भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण, जिला सगळी शाळा भोंगा म्हणते, कारण ती कानात सांगते ते गुपित मैदानापर्यंत जातं. मागचे पाय भिंगरीला मिळाले. नाटकाच्या बाईंनी तिला सांगितलं होतं, “पुढचे पाय कुणीही करेल. मागचे जमले तरच घोडा वाटतो, नाहीतर नुसतं पांघरूण.” झालं. पोरगी त्या मागच्या पायांच्या अशी प्रेमात पडली की जेवणाच्या टेबलापर्यंत वाकून, नवऱ्याच्या कंबरेला धरून यायला लागली. तो बिचारा हातात भाजीचं भांडं घेऊन दुडक्या चालीने चालायचा.

पण तालमी शाळेच्या आधी, पावणेआठला. आणि आमचा नळ सव्वाआठपर्यंत बंद होत नव्हता.

म्हणून मी डोकं लढवलं. एका सुट्टीच्या दिवशी दुकान उघडून खास शिक्का केला. गोल, कडेने ‘नळ तपासणी’, मध्ये ठळक ‘नक्की बंद’, खाली तारखेच्या फिरत्या पट्ट्या. मूठ लाल, मुलांना आवडते म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ बघितला आणि तिच्या मनगटावर ठप्पा मारला. तिने मनगट बघितलं, लांब श्वास सोडला, दप्तर उचललं आणि निघाली. सात चाळीसला शाळेत! मी दिवसभर दुकानात गाणं गुणगुणत होते. गिऱ्हाइकं घाबरली.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ती म्हणाली, “आई, शिक्का मारताना तू नळाकडे बघत होतीस की माझ्या हाताकडे?”

मी खरं बोलणारी बाई आहे, तिथेच घोडं पेंड खातं. “हाताकडे,” मी म्हटलं.

मग शिक्क्याखाली माझी सही लागायला लागली. मग एकट्या आईची सही पुरेना, म्हणून नवऱ्यासाठी ‘फेरतपासणी’ असा चौकोनी शिक्का केला. तोही पुरेना, तेव्हा मी आजोबांना यात ओढलं.

आजोबा म्हणजे माझे सासरे, निवृत्त पोस्टमास्तर. सहा वर्षं घरी बसून वर्तमानपत्र दोनदा वाचणारा माणूस. मी त्यांच्या हातात ‘अंतिम मंजुरी’ ठेवली आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला आधीच हे सुचलं नाही याची लाज वाटली. त्यांनी बाथरूमच्या दाराशी एक छोटं टेबल मांडलं. टेबलावर शाईचं पॅड, ओला स्पंज आणि एक वही. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून ते सकाळी सहाला तिथे बसायला लागले. आंघोळीला जायचं तर मला रांगेत उभं राहावं लागे, आणि एकदा तर त्यांनी मला सांगितलं, “एक ते दीड खिडकी बंद असते.”

“आजोबा, मला जायचंय!”

“दीडला या.”

त्यांचा ठप्पा खालच्या काकांना ऐकू जात असणार. दिसेल त्यावर ते शिक्का मारत. साबणाच्या डबीवर, माझ्या टॉवेलवर. बुटांची नाडी बांधायला नवरा त्यांच्यापुढे वाकला, तर त्याच्या टकलावर. दिवसभर तो एका मोठ्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये डोक्यावर ‘अंतिम मंजुरी’ घेऊन वरखाली करत होता. संध्याकाळी म्हणाला, “आज सगळे माझ्याशी फार आदराने बोलले.”

आणि भिंगरी? तिला एका सकाळी अकरा शिक्के लागायला लागले. मनगटं संपली, दंड आले. तालमीला ती साडेआठला पोचायची. रोगापेक्षा औषध भयंकर, ते हे.

शेवटी शाळेतून चिठ्ठी आली. ‘घोडा तीन आठवडे दोन पायांवर चालतो आहे. आपली मुलगी उशिरा येते व तिच्या दोन्ही हातांवर कार्यालयीन मजकूर असतो. कृपया भेटावे.’

मी तावातावाने भेटायला गेले. बाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, “येत्या दोन आठवड्यांत वेळेवर यायला लागली नाही, तर मला मागचे पाय तिसऱ्या झाडाला द्यावे लागतील.”

“कुणाला?”

“एक मुलगी झाड क्रमांक तीन आहे. तिची घोड्याची पूर्ण तयारी आहे. मग तुमच्या मुलीला झाड करू.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “माझ्या भाच्याला असंच होतं. तो दिवे तपासायचा. एक डॉक्टर आहेत, मुलांच्या मनाच्या. नंबर देऊ?”

घरी येऊन मी भिंगरीला झाडाचं सांगितलं. ती रडली नाही. ती उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ इतका वेळ, इतक्या जोरात पिळत राहिली की नळाची चावीच तिच्या हातात आली. ती हातात धरून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, “आई, मला झाड नाही व्हायचं.” मी नंबर फिरवला.

डॉक्टरीणबाई बुटक्या होत्या, पायात खेळाचे बूट. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. सरळ भिंगरीचे दंड वाचायला लागल्या. “अरे वा, अंतिम मंजुरी! हे एवढे सगळे शिक्के कुणाला लागतात गं?”

भिंगरीने विचार केला. “डोक्यातल्या साहेबाला.”

“कसा आहे साहेब?”

“टकलू आहे. मोजे काढून टेबलावर पाय ठेवून बसतो. आणि त्याला काहीही आणून दिलं तरी म्हणतो, अजून एक कागद कमी आहे.”

नवऱ्याने टकलावरून हात फिरवला.

मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं. याला ओसीडी म्हणतात, तीच तीच भीती घालून तेच तेच तपासायला लावणारा आजार. बऱ्याच मुलांना असतो. हा लाडावलेपणा नाही, हट्ट नाही, आणि कुणाच्या वाढवण्यातली चूकही नाही. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी पर्स उघडून रुमाल काढला. त्या पुढे म्हणाल्या, “फक्त एक झालंय. तुम्ही तिघेही साहेबाच्या ऑफिसात नोकरीला लागला आहात.”

“आम्ही तर मदत करत होतो,” मी म्हटलं.

“त्यालाच. तो विचारतो नक्की का, तुम्ही सांगता नक्की. तो तेवढ्यापुरता गप्प होतो आणि उद्या दुप्पट मागतो. त्याचं पोट कधी भरत नाही, तोंड मात्र मोठं होतं.”

“मग आम्ही करायचं काय?”

“राजीनामा द्या.”

म्हणजे असं, की शिक्के हळूहळू कमी करत बंद. तिने ‘नक्की?’ विचारलं की उत्तर एकच, ‘माहीत नाही.’ ते रागाने नाही, जवळ घेऊन म्हणायचं. भीती चढेल, तिला चढू द्यायचं, काही न करता बसायचं, मग ती आपली आपण उतरते. हे पोरीच्या पोटाला एकदा कळलं की डोक्याला सांगावं लागत नाही. आणि हे सगळं भिंगरीला मान्य असेल तरच. भिंगरीने एकच प्रश्न विचारला, “मग घोडा मिळेल?”

“ते मी सांगू शकत नाही. दोन आठवडे फार कमी आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“म्हणजे नक्की नाही?” मी विचारलं.

त्या माझ्याकडे बघून हसल्या. भिंगरीही हसली. नवराही. मला कळायला जरा वेळ लागला.

घरचा अभ्यास असा होता. नळाखाली बादली ठेवायची, नळ बारीक सोडायचा, दार लोटायचं आणि दहा मिनिटं बाहेरच्या खोलीत बसायचं. भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे. उठायचं नाही. आम्ही चौघं सोफ्यावर ओळीने बसलो. आतून पाण्याचा आवाज येत होता.

“आठ,” भिंगरी म्हणाली. तिने माझा हात दाबून धरला होता.

“माझे नऊ,” आजोबा म्हणाले.

“तुम्हाला कुणी विचारलं?” मी म्हटलं.

नवऱ्याचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. “चालू यंत्र सोडून बसायचं नाही, हे आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात,” तो पुटपुटला. बादली भरत आली तसा आतला आवाज बदलला. मला स्वतःला उठावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू! पाचव्या मिनिटाला आजोबा उभे राहिले. “मी जरा चष्मा घेऊन येतो.”

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

“आजोबा, बसा,” भिंगरी दरडावून म्हणाली, आणि ते बसले.

नवव्या मिनिटाला ती एकदम ताठ झाली. “पाच! आई, पाच झाला! मी काहीच नाही केलं आणि साहेब पाच झाला!” तिच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य होतं, की मी नळ, बादली, काका, सगळं विसरले. आजोबा मात्र शेवटपर्यंत नऊवरच होते.

पण रोज असं गोड झालं नाही. एका सकाळी ती दारात बसून किंचाळली, “सांग ना! एकदाच सांग! तुला माहितीये आणि तू सांगत नाहीस!” लेकरू रडतंय, त्याला हवा असलेला शब्द आपल्या जिभेवर आहे, आणि तो गिळायचा. मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचं दार धरून उभी राहिले. दोन्ही डोळ्यांना धारा. एकदा तर माझा धीर सुटला. हळूच कानात म्हटलं, “नक्की.” ती लगेच शांत झाली. दुसऱ्या दिवशी तिने चौदा वेळा विचारलं. मी कानाला खडा लावला.

दुसऱ्या भेटीला जाताना मी एक नवा शिक्का करून नेला. ‘असेल, नसेलही’. मला वाटलं, डॉक्टरीणबाई खूश होतील. त्यांनी तो उलटा धरून वाचला, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, “आई, नवीन शिक्का नको.” एखाद्या मुलाच्या हातातून गोटी काढून घ्यावी, त्या आवाजात.

आणि आजोबा! घरातले शिक्के बंद झाले, टेबल उचललं गेलं, तरी भिंगरी अधूनमधून फारच निवांत दिसायची. एके दिवशी तिने मोजे काढले. दोन्ही तळपायांवर ‘अंतिम मंजुरी’. मी आजोबांकडे बघितलं, चष्म्याच्या वरून. त्यांनी शर्टाच्या खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला, आत गेले, आणि दहा मिनिटांनी रीतसर कागद घेऊन आले. ‘प्रकृतीच्या कारणास्तव मी या पदाचा राजीनामा देत आहे.’ खाली सही, तारीख.

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. “बऱ्याच वर्षांनी कुणाच्या तरी कामाला आलो असं वाटलं,” ते म्हणाले. त्याच दिवशी मी त्यांना भरलेली बादली गच्चीतल्या झाडांना घालायचं काम दिलं. आता ते झाडांपुढे गळ्यापर्यंत बटणं लावून उभे राहतात.

पहिल्या आठवड्यात भिंगरी रोज उशिरा गेली. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस आठला, एक दिवस आठला पाच कमी. शेवटच्या दिवशी सात पन्नासला. म्हणजे तरीही पाच मिनिटं उशीर. मी शाळेच्या दारातून बघत होते. बाईंनी घड्याळ बघितलंच नाही. तिच्या बाह्या वर सरकवून दोन्ही हात बघितले. कोरे. “जा, भोंगा वाट बघतेय,” त्या म्हणाल्या.

मग खरंच घोडामैदान जवळ आलं. नाटकाच्या दिवशी सकाळी भिंगरी आवरून, धावत, काहीही न विचारता घराबाहेर पडली. मी जिन्यात नवऱ्याला चिमटा काढला. नवरा आणि आजोबा प्रेक्षकांत जाऊन बसले. मी पडद्यामागे, मुलींना कपडे चढवायला. तपकिरी विजार, मागे दोरीची शेपूट. नाटक सुरू झालं. राजा जांभया द्यायला लागला. आणि घोड्याची वेळ दोन मिनिटांवर असताना भिंगरी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

“आई. सकाळी मी नळ बंद केला का? मला आठवतच नाहीये.”

मीही बघितलं नव्हतं.

“आई, बंद आहे ना? नक्की?”

आता एक कबुली देते. माझ्या पर्समध्ये तो लाल मुठीचा शिक्का होता. असू दे अडीअडचणीला, म्हणून घरून निघताना टाकला होता. माझा हात पर्समध्ये गेला, बोटांना मूठ लागली. एक ठप्पा, आणि माझी मुलगी नाचत रंगमंचावर जाणार. ठप्पा नाही, तर कदाचित जाणारच नाही. शेजारी झाड क्रमांक तीन फांद्या खाली ठेवून आशेने उभं होतं. आणि ठप्पा मारला, तर उद्या सकाळी साहेब परत टेबलावर पाय टाकून बसणार.

मी हात बाहेर काढला. रिकामा.

“माहीत नाही, भिंगरी.”

“तू बघितलं नाहीस?”

“नाही.”

“मग काका...”

“माहीत नाही गं राणी.”

“तू दुष्ट आहेस,” ती म्हणाली.

“असेन,” मी म्हटलं. “किती आहे?”

“साडेनऊ.”

“मग साडेनऊ घेऊन जा आत.” तेवढ्यात घोड्याचं तोंड घातलेली भोंगा वळून ओरडली, “अगं चल ना, राजा कधीचा वाट बघतोय!” भिंगरीने नाक बाहीला पुसलं, वाकली, भोंगाच्या कंबरेला धरलं आणि कापडाखाली गेली.

घोडा रंगमंचावर आला. पुढचे पाय ऐटीत. मागचे पाय लटलटत होते, शेपूट थरथरत होती. लोकांना वाटलं, घोडा म्हाताराच दाखवलाय, आणि ते हसायला लागले. मग मध्यावर आल्यावर मागचे पाय थांबले. नुसते थांबले नाहीत, हळूहळू मागे, दाराच्या दिशेने निघाले. पुढचे पाय पुढे. घोडा लांब होत चालला. शिवण उसवल्याचा आवाज आला. बाईंनी डोक्याला हात लावला. आतून काहीतरी पुटपुटणं ऐकू येत होतं, आणि मग घोड्याच्या पोटातून भोंगाचा तो प्रसिद्ध कुजबुजता आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“तुझ्या घरचा नळ मला काय माहीत! डावा पाय टाक!”

सभागृह कोसळलं. राजा वाक्य विसरून स्वतःच हसत सुटला. आणि त्या गदारोळात मी एकटी श्वास रोखून मागच्या पायांकडे बघत होते. एक क्षण काही झालं नाही. मग डावा पाय पुढे पडला. मग उजवा. घोडा पुन्हा आपल्या मापाचा झाला. तो राजापुढे वाकला, ठरल्याप्रमाणे ढुंगण टेकून बसला, आणि राजाला पाठीवर घ्यायला नकार म्हणून त्याने दोन्ही मागचे पाय असे झाडले की मुकुट उडून झाडाला लागला. टाळ्या थांबेनात. डॉक्टर फी घेऊन जे शिकवत होत्या, ते भोंगाने फुकटात एका वाक्यात सांगितलं होतं. मी हसत होते आणि रडतही होते. शेजारच्या मदतनीस बाईने विचारलं, “घोडा तुमचा का?”

“मागचा अर्धा,” मी म्हटलं.

घरी येताना मी काही विचारलं नाही. आजोबांनी “किती आहे आता?” म्हणायला तोंड उघडलं, पण मी बघितलं आणि त्यांनी मिटलं. तिसऱ्या मजल्यावर आलो, कुलूप काढलं, आणि भिंगरी बूटही न काढता धावत सरळ बाथरूममध्ये गेली. दार धाडकन लागलं.

नवऱ्याचा चेहरा उतरला. आम्ही तिघं दाराबाहेर गोळा झालो. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा. एक, मी मनात म्हटलं. आता दुसऱ्यांदा पिळेल. आजोबांचे ओठ हलत होते, तेही मोजत होते. नवऱ्याने कान दाराला लावला. दुसरा आवाज आलाच नाही. दार उघडलं, आणि नवरा जवळजवळ आत पडला.

भिंगरी ओले हात विजारीला पुसत उभी होती. शेपूट अजून तशीच. तिने आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघितलं.

“काय झालं?”

“काही नाही,” आम्ही तिघं एकदम म्हणालो.

“मला शू लागली होती. दोन तास घोड्यात होते मी.” मग तिने डोळे बारीक केले. “तुम्ही इथे काय तपासताय?”

ती आमच्यामधून वाट काढत, “भोंगाला फोन करते” म्हणत निघून गेली. साहेब कायमचा गेला असं मी म्हणत नाही. पुढच्याच आठवड्यात तो एकदा येऊन गेला. पण त्या दुपारी आम्ही तिघं तिथे उभे होतो आणि आत तिने घाईत अर्धवट बंद केलेला नळ टप टप गळत होता. चांगला मोठा थेंब, सेकंदाला एक. माझा हात शिवशिवायला लागला. नवऱ्याचाही लागला असणार, कारण त्याने दोन्ही हात खिशात घातले. मी बाथरूमचं दार ओढून घेतलं आणि चहा टाकायला गेले. माझ्यामागून नवरा आला. आजोबा सगळ्यात शेवटी आले, पण आले.